स्वयंपाकघर कोणाचं दिसलं? स्कँडिनेव्हियन क्राइम सिनेमा बघायची माझी पद्धत

मी सबटायटल करते. डोंबिवलीच्या फ्लॅटची बाल्कनी बंद करून तिथे टेबल टाकलंय, कानाला हेडफोन, पाठीमागे कुकर. टाइमकोड लावलेली इंग्रजी मजकुराची फाइल येते, तिच्यात मराठी भरायचं. एका ओळीत फार तर ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. एवढ्या खुराड्यात माणसं कोंबायचा माझा धंदा.

काही वर्षांपूर्वी एका डॅनिश थ्रिलरचं काम आलं होतं. त्यात एक पोरगा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोनवर बोलतो, सात-आठ सेकंद. इंग्रजी फाइलीत तिथे कंसात एवढंच होतं, की हा परक्या भाषेत बोलतोय. मी तेच मराठीत केलं आणि पुढे सरकले. दोन मिनिटांनी पोरगा मरतो. काम गेलं, पैसे आले, विषय संपला.

माझी भाची स्वीडनमध्ये माल्मोला असते. मावशीचं काम म्हणून तिने कौतुकाने मराठी सबटायटल लावून तो सिनेमा बघितला. सोबत तिची लेबनीज शेजारीण होती. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मावशी, तू काय लिहिलंयस गं तिथे? तो आईला सांगतोय, तू जेवून घे, माझी वाट बघू नको."

आमच्या कसारा लोकलमध्ये हे वाक्य रोज संध्याकाळी डब्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून ऐकू येतं. त्याच वाक्याला मी परकी भाषा म्हणून कंसात घालून आले होते. काम देणाऱ्यांना मेल केला, तर फाइल आता बंद झालीय असं उत्तर आलं. त्या आठवड्यात मी शंभर पानी वही आणली आणि डेन्मार्क-स्वीडन-नॉर्वेचे क्राइम सिनेमे पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. बर्फ, उदास इन्स्पेक्टर आणि थंडगार प्रेत यापलीकडे त्यांत कोण आहे, कसा आहे आणि कोण मुळात नाहीच, हे बघायला. ती पद्धत खाली देते. तुम्हाला फक्त वही, पेन आणि थोडा चिवटपणा लागेल.

आधी कान साफ करा

डबिंग बंद. यावर मी वाद घालत नाही. डब केलं की कोपनहेगनचा पोलीस, बेलग्रेडहून आलेला गर्दवाला आणि बगदादमध्ये जन्मलेला डॉक्टर असे तिघेही एकाच स्टुडिओतली इंग्रजी बोलू लागतात. तुम्हाला जे शोधायचंय ते तिथेच पुसलं जातं.

मूळ आवाज लावा आणि पहिली दहा मिनिटं सबटायटलही बंद ठेवा. काही कळणार नाही, कळायची गरजही नाही. भाषा बदलली असं वाटलं की वहीत एक रेघ मारायची. डॅनिश बोलणारा माणूस अर्धा शब्द गिळून टाकतो, घशात काहीतरी अडकल्यासारखा. स्वीडिश हेलकावे खात चालते. या दोन चाली कानात बसल्या की मध्येच आलेली अरबी, सर्बियन किंवा स्पॅनिश लगेच टोचते. मग मागे जाऊन सबटायटल लावून बघा, त्या रेघेच्या जागी काय लिहिलंय. भाषेचं नाव आहे? वाक्याचा अर्थ दिलाय? की नुसता कंस?

कंस दिसला म्हणून लगेच चिडूही नका. कधीकधी तो दिग्दर्शकाचाच निर्णय असतो. टोबियास लिंडहोमचा २०१२ चा ‘काप्रिंगेन’ (इंग्रजी नाव ‘अ हायजॅकिंग’) घ्या. मुंबईकडे निघालेलं डॅनिश मालवाहू जहाज हिंदी महासागरात सोमाली चाचे पळवतात. त्यांच्या आपसातल्या बोलण्याला सबटायटल नाही. जहाजावरच्या आचाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला, म्हणजे काहीच नाही. इथे न कळणं हीच भीती आहे. त्या चाच्यांच्या वतीने बोलणारा ओमर मात्र आपण चाचा नाही, फक्त दुभाषे आहोत असं बजावत राहतो. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून मला तो जरा जास्तच लक्षात राहिला.

म्हणून नियम असा: भाषा झाकलीय, तर कोणाच्या कानाने झाकलीय ते लिहा. पात्राच्या कानाने असेल तर गोष्ट वेगळी. फाइल बनवणाऱ्याच्या आळसाने असेल तर वेगळी. माझी होती तशी.

वहीतले चार रकाने

पहिल्या वर्षी मी डोकी मोजायचे. गोरे किती, बाकीचे किती. सोपं असतं आणि आपण फार मोठं काम करतोय असंही वाटतं. पण त्या मोजणीत ‘स्नाबा कॅश’सारखा स्टॉकहोमच्या गुन्हेगारांवरचा चांगला सिनेमा आणि त्याची दहावी नक्कल शेजारी शेजारी बसतात, दोघांतही टोळीत परदेशी नावं भरपूर. शिवाय गुन्हेगारांच्या सिनेमात स्थलांतरित माणसं जास्त दिसली, तर ती आनंदाची गोष्ट की काळजीची, हे आकडा सांगत नाही. आपल्या मालिकांतला भैया मोजायला गेलं तर रोज दिसतो, पण दुधाच्या बरणीच्या मागे घर असलेला एक तरी दाखवा.

मग मी रकाने केले. मेला कोण. शोधतो कोण. कोणाचं घर आतून दिसलं. आपल्या भाषेत कोण पूर्ण वाक्य बोलला. पहिले दोन रकाने पटकन भरतात, त्यांवर वेळ घालवू नका. तिसरा सगळ्यात बोलका. घर म्हणजे पोलीस दार तोडून आत घुसतात ते घर नव्हे. घर म्हणजे चूल पेटलेली, कोणीतरी कोणाला ताट वाढतंय, कोणीतरी चिडून भांडं आपटतंय. मी त्या रकान्याला सरळ ‘स्वयंपाकघर’ म्हणते.

मिलोची पन्नास पानं

तिसरा रकाना कसा भरायचा ते शिकायला ‘पुशर’ त्रयीतला तिसरा भाग लावा, निकोलस विंडिंग रेफनचा, २००५ चा. पहिल्या भागात (१९९६) मिलो नावाचा सर्बियन गर्दविक्या फक्त धमकी देणारा माणूस आहे. डॅनिश नायकाचे पैसे थकलेत, मिलोला ते हवेत, संपलं. झ्लाट्को बुरिच हा क्रोएशियात जन्मलेला नट त्याला इतका गोड-कडू करतो की लक्षात राहतो, पण त्याची जागा तीच, दाराआड उभी असलेली भीती.

नऊ वर्षांनी तिसरा भाग येतो आणि कॅमेरा मिलोच्या घरी जातो. त्याच्या मुलीचा पंचविसावा वाढदिवस आहे, पन्नास पाहुणे यायचेत आणि स्वयंपाक मी स्वतः करणार असा याचा हट्ट. एकीकडे नशामुक्तीच्या बैठकीला हजेरी, दुसरीकडे चुकीचा माल आलाय, तिसरीकडे पातेलं. त्याने रांधलेलं खाऊन त्याचीच माणसं आजारी पडतात आणि ऐन दिवशी हा एकटा पडतो. ज्यांच्या घरी बारशाला आचारी आयत्या वेळी पळालाय, त्यांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही.

मुलगी बापाशी ज्या थंडपणाने भाव करते, तो प्रसंग दोनदा बघा. इथे वाढलेली ती, तिकडून आलेला तो. धंदा दोघांना कळतो, पण तिला जास्त. भाषांचीही नोंद ठेवा: सर्बियन, डॅनिश, अल्बेनियन, पोलिश एकाच रात्रीत येतात आणि ‘मूळ’ डॅनिश माणसं कडेला गेलेली असतात. शेवट रक्तरंजित आहे, पोटात ढवळेल इतका. सगळं उरकल्यावर मिलो पहाटे घरामागच्या कोरड्या तरणतलावाशी सिगारेट ओढत उभा राहतो. मिलो काही चांगला माणूस नाही. माझ्या रकान्याला त्याची पर्वा नाही. ज्याचं घर दिसलं तो माणूस झाला, मग तो वाईट का असेना.

हाच चष्मा लावून डॅनियल एस्पिनोसाचा ‘स्नाबा कॅश’ (२०१०) पुन्हा बघा. तीन माणसं: उत्तरेकडून स्टॉकहोमला आलेला, श्रीमंत पोरांमध्ये मिसळायला धडपडणारा विद्यार्थी जेडब्ल्यू, तुरुंगातून पळालेला होर्हे, आणि म्रादो हा सर्बियन वसुलीवाला. होर्हेला गरोदर बहीण आहे. म्रादोच्या गळ्यात अचानक लहान मुलगी येते आणि हातपाय तोडायच्या कामातून वेळ काढून तो तिला सांभाळतो. गंमत अशी, की त्या तिघांत खोटं नाव-गाव मिरवणारा, आपली बोली लपवणारा माणूस स्वीडिशच आहे. परका तोच. एस्पिनोसाचे वडील चिलीचे, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही.

असदला बढती मिळते तेव्हा

आता दुसरा रकाना, शोधतो कोण. इथे ‘डिपार्टमेंट क्यू’ची डॅनिश मालिका हाताशी धरा: २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ असे पहिले चार सिनेमे. तळघरात धूळ खात पडलेली जुनी प्रकरणं, कार्ल मोर्क नावाचा तुसडा पोलीस आणि त्याचा जोडीदार असद. हे सिनेमे ज्यांवरून निघाले त्या कादंबऱ्यांमध्ये असद येतो तो साफसफाई आणि चहा-कॉफी करणारा मदतनीस म्हणून. त्याच्या उंटाच्या म्हणींवर हसायचं असतं आणि त्याचा भूतकाळ धुक्यात असतो. सिनेमात तो धूर्त विदूषक उरत नाही. फारेस फारेस त्याला शांत, रुंद खांद्यांचा, कार्लपेक्षा कितीतरी शहाणा पोलीस करतो. पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून एका पात्राचं काय होतं ते बघायचं असेल तर याहून चांगला धडा नाही.

चौथा सिनेमा ‘जर्नल ६४’ सावकाश बघा. सुरुवातीला कोपनहेगनमधल्या एका फ्लॅटच्या खोट्या भिंतीमागे तीन प्रेतं सापडतात, वाळून ममी झालेली, टेबलाभोवती बसवलेली. चौथी खुर्ची रिकामी. चहाचं आमंत्रण असल्यासारखं दृश्य आहे, बघा, पुन्हा स्वयंपाकघरच, फक्त विषाचं. धागा जातो स्प्रोगो नावाच्या बेटाकडे. हे बेट आणि तिथली संस्था खरी आहे. १९२३ ते १९६१ या काळात ‘चालचलन बरी नाही’ असा शिक्का मारलेल्या डॅनिश मुली-बायकांना तिथे डांबलं जायचं आणि कित्येकींची नसबंदी केली गेली. आज त्या बेटावरून मोठा पूल जातो, गाड्या सुसाट निघून जातात.

सिनेमा तिथे थांबत नाही. तेव्हा गरीब डॅनिश बाया होत्या, आता त्याच विचाराचे लोक स्थलांतरितांच्या मुलींकडे वळलेत, असा तो पुढचा धागा जोडतो आणि त्यातली एक मुलगी असदच्या ओळखीतली निघते. वहीत लिहा: असदला हे प्रकरण नुसतं ‘केस’ नाही, पण तो ओरडत नाही. हा भाग कल्पित आहे. पण २०१८ नंतर चार वर्षांनी, २०२२ मध्ये, डेन्मार्कने ग्रीनलंडमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत हजारो बायका आणि शाळकरी मुलींना तांबी बसवल्याची गोष्ट जगापुढे आली. अनेकींना विचारलंही नव्हतं, काहींना कळलंही नव्हतं. त्यानंतर मी ‘जर्नल ६४’ पुन्हा लावला, तेव्हा त्यातला खलनायक मला अतिरंजित वाटेना.

आणि एक बारीक जागा. या सिनेमात असदला बढती मिळालीय, आठवड्याभरात तो तळघर सोडून जाणार. पाच वर्षं बरोबर काम केलेल्या कार्लला ‘जाऊ नको’ एवढे दोन शब्द बोलता येत नाहीत. जोडीदार म्हणून ठेवलेला परदेशी माणूस नायकासाठी जीव देतो, हा प्रकार आपण शंभरदा बघितलाय. तो नोकरीत वर चढतो आणि नायक मागे पोरका होतो, हे क्वचित. माझी तक्रार एकच: चार सिनेमे झाले, असदचं स्वयंपाकघर मी वहीत कुठे लिहू? कार्लच्या घरातला पसारा आपल्याला पाठ आहे.

नटाचा माग काढा

हे सगळ्यात मजेचं काम आहे आणि मोबाइलवर बसल्या बसल्या होतं. एक नट निवडायचा, त्याने केलेल्या पात्रांची फक्त नावं आणि धंदे लिहायचे.

दार सलीम घ्या. जन्म बगदादचा, वाढला डेन्मार्कमध्ये. २०१७ च्या फेनार अहमदच्या ‘अंडरवेर्डन’मध्ये (इंग्रजीत ‘डार्कलँड’) तो झैद नावाचा सर्जन आहे, मोठं घर, मोठी नोकरी. धाकटा भाऊ टोळीकडून मारला जातो आणि डॉक्टर मुखवटा चढवून रस्त्यावर उतरतो. म्हणजे सर्जन झालास तरी शेवटी मारामारीच, असं मी पहिल्यांदा वैतागून लिहिलं होतं. नंतर त्याखाली दुसरं वाक्य जोडलं: निदान भावाला न भेटलेल्या मोठ्या भावाचा अपराधीपणा तरी दाखवलाय. दोन्ही वाक्यं मी तशीच ठेवलीत.

त्याच दार सलीमने ‘काप्रिंगेन’मध्ये केलेल्या पात्राचं नाव बघा: लार्स वेस्टरगॉर्ड. जहाज कंपनीतला अधिकारी. सुरुवातीला जपानी गिऱ्हाइकाशी सौदा करताना अडखळतो आणि साहेबाला मध्ये पडावं लागतं. सिनेमाभर कोणी विचारत नाही की तू लार्स कसा. एक माणूस आहे, टाय लावलाय, भाव जमत नाहीये. मी हे लिहिलं तेव्हा पेन थोडा वेळ टेबलावर ठेवला.

असंच एक कानाने शोधायचं उदाहरण म्हणजे ‘डेन स्कुल्दिगे’ (२०१८), म्हणजे ‘द गिल्टी’. अख्खा सिनेमा आणीबाणीचे फोन घेणाऱ्या एका पोलिसाच्या चेहऱ्यावर. बाकी सगळे नुसते आवाज. त्यातला एक आवाज त्याच्या सहकाऱ्याचा, नाव रशीद. दारू प्यालेला, घाबरलेला, मित्रासाठी खोटी साक्ष द्यायला तयार झालेला. त्याच्या नावावरून कुठलीच कथा निघत नाही, तो फक्त मित्र आहे. आवाज दिलाय ओमर शरगावीने. हा माणूस स्वतः दिग्दर्शक आहे. त्याचा ‘गो मे फ्रेड जमील’ (२००८) कोपनहेगनमध्ये घडतो, तरी बहुतेक संवाद अरबीत आणि शिया-सुन्नी सूडाचं चक्र फिरवणारा. तो रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवातून टायगर पुरस्कार घेऊन आला होता.

फारेस फारेसचा माग तुम्हीच काढा. बैरूत, मग वयाच्या चौदाव्या वर्षी स्वीडन, भाऊ योसेफच्या विनोदी ‘कोप्स’मध्ये गुन्हेच होत नसलेल्या गावातला पोलीस, ‘स्नाबा कॅश’मध्ये महमूद, मग असद, मग ‘द नाइल हिल्टन इन्सिडेंट’मध्ये कैरोचा भ्रष्ट पोलीस. एका माणसाच्या नोकरीच्या यादीत एका देशाची वीस वर्षं दिसतात.

फसायच्या जागा

सिमेंटच्या इमारती दिसल्या की सावध व्हा. ड्रोनने वरून घेतलेल्या सारख्या खिडक्या, मग हूडी घातलेली पोरं, मग जळणारी गाडी. ही आता ठरलेली ओळ झालीय. ‘शोर्टा’ (२०२०) याच ओळीने सुरू होतो. शोर्टा हा अरबी शब्द, अर्थ पोलीस. स्वालेगॉर्डन नावाची कल्पित वस्ती. पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेला तलीब श्वास घेता येत नाही म्हणून तडफडतो. हे चित्रण अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूच्या आधीचं, हे लक्षात ठेवा. दोन गोरे पोलीस वस्तीत अडकतात आणि आपण त्यांच्याच गाडीत बसलेलो असतो, ही माझी पहिली नाराजी. पण अडवून अपमान केलेला अमोस नावाचा पोरगा पुढे त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि जखमी पोलिसाला घरात घेऊन मलमपट्टी करणारी बाई अमोसची आई निघते. तिसऱ्या रकान्यात नोंद झाली, तीही सिनेमाच्या ऐन मध्यावर.

‘शोर्टा’ बघण्याआधी एवढं माहीत असू द्या: डेन्मार्कने २०१८ मध्ये कायद्यांचा असा गठ्ठा आणला की ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक ‘अ-पाश्चात्त्य’ मुळाचे आणि बेकारी, शिक्षण, गुन्हे, उत्पन्न यांतले काही निकष भरले, ती सरकारी यादीत ‘घेट्टो’. हा शब्द पुढे २०२१ मध्ये बदलला. आणि कोपनहेगनला ऑनसाइट गेलेला हिंजवडीचा आपला इंजिनिअरही त्यांच्या सांख्यिकीत अ-पाश्चात्त्यच. त्याला सांगून बघा एकदा.

दुसरी फसायची जागा म्हणजे नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा. पीटर होगच्या कादंबरीवरून १९९७ मध्ये आलेला बिले आउगुस्टचा ‘स्मिलाज सेन्स ऑफ स्नो’: ग्रीनलंडचा मुलगा छपरावरून पडून मरतो, स्मिला बर्फातली पावलं वाचून ओळखते की हा अपघात नाही. स्मिला अर्धी ग्रीनलंडची, बर्फाचं ज्ञान तिला आईकडून आलेलं. भूमिका केली इंग्लंडच्या ज्युलिया ऑर्मंडने, सिनेमाही इंग्रजीत. तिचं काम वाईट नाही. पण चौथा रकाना कोरा.

त्याच्या शेजारी एले मार्या एइराचा ‘स्टोल्ड’ (२०२४) ठेवा, म्हणजे सत्तावीस वर्षांत काय हललं ते दिसतं. सामी लोक, म्हणजे तिथले आदिवासी, उत्तर स्वीडन, रेनडिअर. लहानपणी एल्साच्या डोळ्यांदेखत तिचं रेनडिअर मारलं जातं. तक्रार केली की पोलीस चोरी म्हणून नोंदवतात आणि फाइल मिटते. सिनेमाचं नावच ‘चोरी’. ज्यांच्या घरात ते जनावर माणसाइतकं, त्यांना कायद्याने दिलेला शब्द तोकडा पडतो, इथेच सगळा गुन्हा आहे. दिग्दर्शिका सामी, बरेचसे संवाद सामीत. नेहमीच्या थ्रिलरची चटक लागलेल्यांना संथ वाटेल. वाटू द्या.

तिसरं, स्वीडनमध्ये २०१३ पासून काही थिएटरांनी बेखडेल कसोटीवर ‘ए’ शिक्का मारायला सुरुवात केली: दोन नाव असलेल्या बायका पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का. कसोटी चांगली. पण तिच्यात दोन्ही बायका एकाच रंगाच्या, एकाच वर्गाच्या असल्या तरी शिक्का मिळतो, हे ध्यानात असू द्या.

पाट्या सरकतात तेव्हा उठू नका

श्रेयनामावलीत दिग्दर्शक आणि लेखक, एवढी दोन नावं टिपा. तारिक सालेहचा ‘द नाइल हिल्टन इन्सिडेंट’ (२०१७) स्वीडनचा सिनेमा म्हणून गाजला, पण घडतो कैरोत. तिथल्या यंत्रणेने शूटिंगच्या तोंडावर हाकललं, म्हणून उभा केला कासाब्लांकात. खुनाची साक्षीदार हॉटेलात खोल्या झाडणारी सुदानी मुलगी. अली अब्बासीचा ‘होली स्पायडर’ (२०२२) मशहदमधल्या सोळा बायकांच्या खुन्यावर, फारसीत, चित्रण जॉर्डनमध्ये. डेन्मार्कने ऑस्करला पाठवला तो हाच. यात स्कँडिनेव्हिया कुठे आहे, असं आमच्या गटात एकाने विचारलं होतं. पैशात आहे, पासपोर्टात आहे, आणि घरी ज्यावर बोलता येत नाही ते बोलायला मिळालेल्या जागेत आहे. त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं नाही, कारण असले दिग्दर्शक परदेशातल्या गोष्टींसाठीच वाखाणले जातात का, हा प्रश्न वहीत अजून तसाच आहे.

पहिला सिनेमा कोणता लावू?

हे हमखास विचारलं जातं. मराठी माणसाने सुरुवात ‘इज्जत’पासून करावी. नॉर्वेचा, २००५ चा, दिग्दर्शक उल्रिक इम्तियाझ रोल्फसेन, ओस्लोच्या पूर्व भागातल्या पाकिस्तानी पोरांची टोळी. नाव वाचताच अर्थ कळला ना? ओस्लोतल्या गोऱ्या प्रेक्षकाला तो समजावून घ्यावा लागला असेल. घरातली उर्दू सुरू झाली की तुमची मान सबटायटलवरून आपोआप वर उठेल, आणि भाषा समजणारा प्रेक्षक असणं म्हणजे काय ते अंगाला कळेल. मग पुढच्या प्रत्येक सिनेमात अरबी किंवा सर्बियन आली की आठवा, हॉलमध्ये कोणीतरी असाच मान वर करून बसलेला असणार.

त्यानंतर ‘आर’ (२०१०), होर्सेन्सच्या बंद पडलेल्या खऱ्या तुरुंगात चित्रित केलेला. नाव एकाक्षरी का, हे अर्ध्या सिनेमाने कळतं, म्हणून सांगत नाही. फक्त रूने आणि रशीद ही दोन नावं पहिल्याच पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

चार जण जमवून बघणार असाल तर प्रत्येकाला एकच रकाना द्या, चारही नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराचा रकाना सासूबाईंकडे असतो. वय ७९, डॅनिश, अरबी, इंग्रजी काहीच येत नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून सबटायटल वाचायचा कंटाळा. ‘पुशर ३’ला त्यांनी मध्येच सांगितलं, "हा माणूस आज कोणालातरी मारणार, पण त्याआधी त्याचं खालचं लागलंय ते बघा म्हणावं." पातेल्याकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.